सहा तासांचं पाणी

घाटावरच्या माणसाने समुद्राच्या पाण्यावर प्रश्न काढू नये. चौतीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवून निवृत्त झाल्यावर हे शहाणपण मला आलं, आणि तेही एक बरी चपलांची जोडी गमावून.

मी वाईची. रोह्याला दिवाळीच्या सुट्टीत आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचं गणिताचं निवासी शिबिर भरतं. त्याच्या प्रवेश परीक्षेचा पेपर मी काढते, मीच तपासते आणि शिबिरात शिकवतेही. यंदा मला वाटलं, मुलं रायगडची आहेत, तर सारखं नळ आणि टाक्या काय द्यायच्या, जरा खाडीचं पाणी द्यावं. म्हणून सातवा प्रश्न असा घातला: ‘भरती सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत खाडीचं पाणी साठ सेंटिमीटर चढलं. तर भरतीच्या पूर्ण सहा तासांत ते किती चढेल?’ साधं त्रैराशिक. दोनाचे सहा म्हणजे तिप्पट, साठ त्रिक एकशे ऐंशी, पाच गुण घ्या आणि घरी जा. मुलांनी घेतले. एका मुलीने मात्र उत्तर लिहिलं, दोनशे चाळीस. खाली एक ओळ होती: ‘पहिल्या दोन तासांत पाव, मधल्या दोन तासांत अर्धं, शेवटच्या दोन तासांत पाव.’ मी लाल शाईने शून्य दिलं आणि शेरा मारला, ‘समप्रमाण समजलेले नाही.’ तीन गुणांनी तिचं शिबिर हुकलं.

पेपर शाळांकडे परत गेले आणि आठवड्याने मला एक पत्र आलं. धरमतर खाडीकाठच्या एका गावातल्या शाळेचे गणिताचे शिक्षक, घरत सर, यांनी लिहिलं होतं. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त एवढंच, की आपण शिबिरासाठी रोह्याला येणारच आहात, तर दोन दिवस आधी निघावं आणि वाटेत आमच्याकडे उतरावं, सानिका ठाकूरचं उत्तर आपल्याला प्रत्यक्ष दाखवायचं आहे. शेवटी एक वाक्य होतं: ‘सहा तास लागतील.’ त्या वाक्याने मला डिवचलं. भाऊबीज आटोपली तशी दुसऱ्याच दिवशी मी निघाले, आणि खरं सांगायचं तर त्या मास्तरांना चार शब्द सुनावायच्या तयारीनेच निघाले.

पेण, शुक्रवार

पेणच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार टळली होती. घरत सर संध्याकाळी न्यायला येणार होते, तोवर वेळ काढायचा म्हणून बाजारातून हिंडत निघाले. गणपती विसर्जन होऊन महिने लोटले तरी इथे गणपतीचं काम थांबत नाही. एका कारखान्याच्या दारात पन्नाशीच्या एक बाई ओल्या मूर्तीच्या कडा पाण्याच्या बोटाने सारख्या करत बसल्या होत्या. मी आत डोकावले तर त्यांनी पाट पुढे केला. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी ‘कोण पाहिजे’ विचारतात. इथे आधी बसवतात.

बसल्यावर माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी विचारलं, “एक फुटाच्या मूर्तीला लागते त्याच्या दुप्पट माती दोन फुटांच्या मूर्तीला लागत असेल ना?”

त्या हसल्या. “दुपटीत कशी व्हईल बाई? उंची दुप्पट, तशी रुंदी पन दुप्पट, पोट पन दुप्पट. आतनं पोकळ असते, पन भिंत जाड ठेवायला लागते, नायतर बसते मूर्ती. पाच-सहा पट धरायची.”

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. घनफळाचा धडा मी चौतीस वेळा शिकवला आहे. पण तोंडातून आधी त्रैराशिकच बाहेर पडलं. हे लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण मी ते तिथेच पाटावर सोडून आले आणि पोह्याच्या पापडांच्या दुकानात शिरले.

घरत सर आले ते चाळिशीचे, सडसडीत, अतिशय अदबीने बोलणारे निघाले. अशा माणसाला चार शब्द सुनावणं अवघड जातं. मोटरसायकलवर मागे बसून जाताना मी एवढंच म्हटलं, “सर, उत्तर चूक होतं, याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं काही नाही, मॅडम,” ते म्हणाले. “पण तो पेपर आल्यापासून सानिकाचं एक झालंय. वर्गात काहीही विचारलं की ती आधी विचारते, ‘सर, खाडीचं सांगू की पेपराचं?’ दोन वेगळी गणितं आहेत असं धरून चाललीय ती. पेपराचं हवं असेल तर पेपराचं देते, बिनचूक. पण मग डोळ्यांनी बघायचं सोडून देते. त्याची मला काळजी वाटते.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं होती आणि त्यांच्या पलीकडे लांबवर सपाट पाणी चमकत होतं.

धरमतरची खाडी, शनिवार

आमच्या वाईला चढ शिकवायला फार कष्ट पडत नाहीत. खिडकीतून पसरणीचा घाट दाखवायचा: इतकं पुढे गेलो, इतकं वर आलो, भागाकार करा. इथे सकाळी सरांच्या घरातून बाहेर येऊन पाहते तर चढ म्हणून औषधालासुद्धा नाही. ताटासारखी जमीन, तिच्या कडेने खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, आणि बांधात मधेच एक दगडी बांधकाम. त्याला इथे उघाडी म्हणतात. तिच्या लाकडी झापा, म्हणजे दारं, ओहोटीला आपोआप उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला समुद्राच्याच रेट्याने बंद होतात. ज्या कोणी हे शोधलं त्याला माझा नमस्कार सांगा, कारण मला ते समजायला सरांना दोनदा चित्र काढावं लागलं.

उघाडीच्या भिंतीला सरांनी खुणा रंगवलेला लांब बांबू बांधून ठेवला होता. शेजारून खाडीत दगडी पायऱ्या उतरत होत्या. पायरीवर सानिका उभी होती, दोन वेण्या, हातात वही. तिने मला वाकून नमस्कार केला आणि लगेच बाजूला झाली. माझ्या लाल शाईची तिला भीती वाटत होती हे उघड दिसत होतं, आणि मला ते आवडलं नाही.

तिची आई वनिताताई चिखलातून चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन वर येत होत्या. वडील धक्क्यावर बार्जच्या कामाला, सकाळच्या शिफ्टला गेलेले. “नऊ वाजता पानी फिरंल,” वनिताताई म्हणाल्या. “तीनला भरती पुरी.”

मी विचारलं, “वेळापत्रक आहे का तुमच्याकडे?”

“वेळापत्रक कशाला? आज चौथ हाय ना. तिथीची पाऊनपट करायची. चाराचे पाऊनपट तीन. उद्या पंचमी, उद्या पावनेचारला. सगलं पंधरवडाभर तसंच.”

मी वही काढून पडताळा घेतला. एक तिथी पुढे गेली की पाऊण तास पुढे, दुसरी गेली की दीड तास. आलेख काढला तर पट्टीने ओढलेली सरळ रेघ. हे तर माझं समप्रमाण. मी खुश झाले, आणि आवाज चढवून म्हणाले, “मग सानिका, बघ. आईला येतं की समप्रमाण.”

“हो बाई,” ती खाली बघून म्हणाली. “पण ते दिवसांचं. तासांचं तसं नसतं.”

नऊला पाणी फिरलं. ज्या ठिकाणी पाणी होतं तिथे शून्य धरून मोजायला सुरुवात केली. दहा वाजता एकवीस सेंटिमीटर. अकरा वाजता चौऱ्याहत्तर. माझ्या प्रश्नातले पहिले दोन तास संपले होते. मी वहीत लिहिलं: चौऱ्याहत्तर त्रिक दोनशे बावीस. तीन वाजता पाणी दोनशे बावीसच्या खुणेवर येईल. तोवर माझ्या चपला चिखलाने बरबटल्या होत्या. त्या धुतल्या आणि अडीचशेच्या खुणेच्या पायरीवर उन्हात वाळत ठेवल्या. चांगली अठ्ठावीस सेंटिमीटरची सोय ठेवली होती मी.

“बाई, मी वर ठेवते चपला,” सानिका म्हणाली.

“राहू दे. हिशेब केलाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “खाडीचा, की पेपराचा?”

प्रश्न अगदी सरळ होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तरी मला राग आला, आणि मी म्हणाले, “हिशेब एकाच प्रकारचा असतो.” आता लिहिताना कानशिलं तापतात, पण म्हणाले खरी.

बारा वाजता पाणी एकशे बावन्नवर आलं. एका तासात अठ्ठ्याहत्तर. पाणी इतकं उघड उघड चढत होतं की बांबूवरची एकेक खूण बुडताना दिसत होती. वर्गात मी वक्राचा तीव्र चढ फळ्यावर खडूने काढते. इथे तो समोर अंगावर येत होता. कुठे टेकडी नाही, उंचवटा नाही, पण चढ होता, आणि तो दर तासाला बदलत होता. घरत सर फक्त आकडा वहीत उतरवत होते. त्यांच्याइतका संयम माझ्यात असता तर मी मुख्याध्यापिका झाले असते.

एक वाजता दोनशे तेवीस.

माझं तीन वाजताचं पाणी एक वाजताच आलं होतं. वर एक सेंटिमीटर जास्त. मी त्या आकड्याकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात वनिताताईंनी घराच्या दारातून हाक मारली, “ये गो सानिका, सरांना न् बाईंना घेऊन ये, भाकरी थंड होतायत.” त्यांनी सकाळी बांधावर सोडलेल्या स्लिपरा पायात अडकवून मी निघाले. आकडा डोक्यात घोळत होता, चपलांची आठवणसुद्धा राहिली नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, जिताडा माशाचं कालवण आणि सकाळच्या चिंबोऱ्या. मी घाटावरची ज्वारी-बाजरी खाणारी. तांदळाची भाकरी मोडायला गेले तर ती रुमालासारखी दुमडली. जिताड्याच्या पहिल्या घासाला मी गणित विसरले. दुसऱ्या घासाला वनिताताईंनी ते परत आठवून दिलं.

“बाई, एक विचारू? त्या पेपरात लाल शाईनं लिवलंय, समजलेलं नाय. ते हिला नाय समजलं, का मला नाय समजलं? कारन हिला मीच शिकवलंय. दोन तास पानी चालतं, दोन तास धावतं, दोन तास बसतं. मी नवीन लग्न होऊन आले तवा चिखलातले खुबे-शिंपले काढता काढता तिसरा तास लागला. पानी गुडघ्याला होतं म्हनून वाकूनच रायले, वर बघते तर कमरेला. सासूनं बांधावरनं पदर टाकून ओढली मला. तवापासून मोजते. पोरीला पन चालायला लागली तेवाच शिकवलं. ते चुकीचं असंल तर सांगा, म्हंजे पुढच्या पोरीला नाय शिकवनार.”

त्यांच्या मांडीवर धाकटी बसली होती, तीनेक वर्षांची.

हातातला घास मी ताटात ठेवला. चौतीस वर्षांत मी किती शेरे मारले असतील कोण जाणे. ते वाचून एखादी आई स्वतःला तपासत बसली असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी म्हणाले, “ताई, तुमचं बरोबर आहे. मला समजलेलं नव्हतं.” सानिका ताटाकडे बघत भाकरीचा एकच तुकडा बराच वेळ चघळत होती.

दोनला परत गेलो. पाणी दोनशे बहात्तर. अडीचशेची पायरी पाण्याखाली, आणि चपला गेलेल्या. घरत सर लांबपर्यंत बांधावरून धावले, पण खाडी रुंद आहे आणि माझ्या चपला हलक्या होत्या. तीन वाजता पाणी दोनशे चौऱ्याण्णववर थांबलं. वहीत जोड्या केल्या: पहिल्या दोन तासांत चौऱ्याहत्तर, मधल्या दोन तासांत एकशे एकोणपन्नास, शेवटच्या दोन तासांत एकाहत्तर. पाव, अर्धं, पाव. सानिकाच्या उत्तरपत्रिकेतली ओळ मी तिच्यासमोर पुन्हा तिच्याच वहीत लिहिली आणि खाली सही केली. मग विचारलं, “पहिल्या दोन तासांत साठ चढलं, तर सहा तासांत?”

ती थांबली. “खाडीचं...” म्हणाली आणि जीभ चावली. सवय अशी एका दुपारीत जात नाही.

गडब आणि रोहा, रविवार

सकाळी सरांनी मला रोह्याकडे नेताना गडबला हायवेच्या कडेच्या दुकानापाशी गाडी थांबवली, कारण वनिताताईंच्या स्लिपरा मी परत करून आले होते आणि अनवाणी होते. दुकानात माझ्या मापाची एकच जोडी होती, गडद गुलाबी, वर पिवळं फूल. दुकानदार म्हणाला, “पाण्यात पडली तर लांबून दिसंल, बाई.” त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी मी सरांकडे संशयाने पाहिलं.

रोह्याच्या ज्या शाळेत शिबिर भरतं तिथे प्रमुख देसाई सर यादी घेऊन बसले होते. माणूस शिस्तीचा. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, यादी लागलेली आहे. आणि ही मुलगी बरोबर असेल तर एकशे ऐंशी लिहिणारी सगळी चूक ठरतात. त्यांना काढू?”

“त्यांनी मी विचारलं ते सोडवलं,” मी म्हणाले. “मी विचारलं तेच चूक होतं. त्यांचे गुण त्यांच्याकडे राहू द्या. हिचे हिला द्या.”

“तसं लेखी द्याल?”

मी कागद घेतला आणि लिहिलं: ‘सातव्या प्रश्नात पाणी एकसारख्या वेगाने चढतं असं मी न सांगता गृहीत धरलं. भरती तशी चढत नाही. सानिका ठाकूर हिचं उत्तर बरोबर आहे. समप्रमाण कुठे लावू नये हे तिला समजतं, मला समजलं नव्हतं.’ लिहायला पाच मिनिटं लागली, त्यातली चार पहिल्या ओळीला. देसाई सरांनी वाचलं, घडी घातली, आणि त्यांची नजर टेबलाखाली माझ्या पायांकडे गेली. पिवळ्या फुलांची हकिगत सांगावी लागली. शिस्तीचा माणूस चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला.

“पण बाई, खाटा चाळीसच आहेत,” ते शेवटी म्हणाले.

“माझ्या खोलीत दुसरी गादी घाला.”

बाहेर येऊन घरत सरांना सांगितलं तर त्यांनी आधी मोटरसायकलची किल्ली खाली पाडली, मग उचलली, मग गावात फोन लावला.

रोहा, सोमवार

सानिका आईबरोबर सकाळच्या एसटीने आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पापडांचा पुडा आणि एक प्लॅस्टिकची थैली. थैलीत माझी एक चप्पल होती, डाव्या पायाची, चिखल धुऊन लख्ख केलेली. रात्रीच्या ओहोटीने ती उघाडीच्या झापेला अडकून राहिली होती.

“उजवी नाय गावली,” वनिताताई म्हणाल्या, आणि मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, “लाल शाईचं आता...?” मी त्यांना देसाई सरांच्या फायलीतला माझा कागद दाखवला. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचला, दोनदा. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

खोलीत गादी अंथरताना सानिका हळूच म्हणाली, “बाई, जेवायला जाताना मला आठवत होत्या तुमच्या चपला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही हिशेब केला होता ना.”

उशीला अभ्रा घातला आणि तिला वर्गात घेऊन गेले.

वर्गात चाळीस मुलं आधीच बसली होती. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, एक्केचाळिसावी. मी फळ्याजवळ गेले. पहिल्या दिवसासाठी मी महिनाभर तयार केलेला धडा पिशवीत होता, तो तिथेच राहू दिला. म्हटलं, “खाडीचं पाणी एका तासात वीस सेंटिमीटर चढलं. पुढच्या तासात किती चढेल?”

चाळीस हात वर. “वीस, बाई, वीस.” शेवटच्या बाकावरचा हात तेवढा खाली होता.

“सानिका?”

ती उठून उभी राहिली. तिने आधी माझ्या गुलाबी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाडीचं की पेपराचं, हा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. शिक्षिका म्हणून घेतलेल्या माझ्या पहिल्या तासालाही मी एवढी धास्तावले नव्हते.

“कितव्या तासात, बाई?” तिने विचारलं.

मी तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि वळून वर्गाकडे पाहिलं. चाळीसही हात खाली गेले होते.